सा दाबला की कोमल ध : पॉलीसिक्समधल्या मिडीची गोष्ट

जुन्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये (सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारा कीबोर्ड) मिडी, म्हणजे वाद्यांना एकमेकांशी किंवा कॉम्प्युटरशी बोलायची डिजिटल भाषा, बसवलं आणि काही बिघडलं की बघणारा प्रत्येक जण आधी मशीनच्या वयावर घसरतो. "चाळीस वर्षांचं डबडं ते, किती ओढायचं त्याला." मी लातुरात कीबोर्ड, अँप्लिफायर, मिक्सर असलं सगळं रिपेअर करतो आणि बऱ्याच वेळा आजार जुन्या वस्तूत नसतोच, नंतर कुणीतरी आत घातलेल्या नव्या पार्टात असतो. यावेळची केस लिहून ठेवावी अशी होती, कारण बिघाड कुठंय ते मशीनने सुरात सांगितलं.

मशीन म्हणजे कॉर्गचं पॉलीसिक्स, १९८१ चं मॉडेल. एका वेळी सहा सूर, ६१ पट्ट्या, ३२ मेमऱ्या. अंबाजोगाईकडचे एक काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांनी कधीकाळी मुंबईहून सेकंडहँड आणलेलं, आणि लग्नात लोक त्यालाही कॅसिओच म्हणायचे, आपल्याकडं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेली कुठलीही वस्तू कॅसिओच असते. आता १९८१ चं म्हणजे मिडीच्या आधीचं. मिडी लोकांनी पहिल्यांदा बघितलं ते जानेवारी १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या नॅम शो या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ अशी दोन वेगळ्या कंपन्यांची मशीनं एका केबलने जोडून वाजवली तेव्हा. काकांच्या पुतण्याला हे पॉलीसिक्स लॅपटॉपवरून वाजवायचं होतं म्हणून त्याने एक किट मागवलं आणि कुणाकडून तरी बसवून घेतलं. किट कीबोर्डच्या स्कॅनिंग लाइनींना समांतर जोडलेलं, म्हणजे मिडीतून नोट आली की हा छोटा बोर्ड सिंथच्या प्रोसेसरला "पट्टी दाबली" असं भासवतो, बाकी आतल्या कशाला हात लावत नाही.

काका स्वतः घेऊन आले. म्हणले, "सकाळी नीट वाजतंय, दुपारी पिसाळतंय बघा." नोटा अडकून पडतात, काही मुक्या होतात, काही भलत्याच वाजतात. पुतण्याचं निदान तयार होतं, मे महिना आहे, पत्र्याखाली खोली आहे, जुने ऑसिलेटर, म्हणजे सूर तयार करणारी सर्किटं, तापले. काकांनी तर विकायची तयारी केली होती.

उघडल्यावर आधी मेमरीची बॅटरी बघितली, त्या काळच्या मेमरीवाल्या सिंथमध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी बोर्डावरच असते आणि वयाने ती पाझरून आजूबाजूचे ट्रॅक खाऊन टाकते. इथं कुणा भल्या माणसाने ती आधीच काढून लिथियमची लावली होती, आणि मुख्य म्हणजे मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) टाकला होता, नाहीतर मूळ सर्किट लिथियमलाही चार्ज करत बसतं आणि ते धोक्याचं. बोर्ड स्वच्छ. मग त्याच्याच पट्ट्यांवर अर्धा तास वाजवून घेतलं, भर दुपारी. पिच किंचित सरकते, ट्यूनिंगच्या नॉबने जागेवर येते, बाकी एकही नोट अडकली नाही का चुकली नाही. म्हणजे ऑसिलेटर, फिल्टर, प्रोसेसर सगळे बरे. तापलेला ऑसिलेटर बेसूर होतो, सा चा कोमल ध करत नाही, आणि इथं मिडीतून अगदी तेच होत होतं, चुकलेली नोट पण एकदम सुरात.

दुसरा संशय लॅपटॉपच्या स्वस्त यूएसबी-मिडी केबलवर, त्या केबली बदनाम आहेतच. ती बाजूला ठेवली आणि एका यामाहा कीबोर्डच्या मिडी आउटमधून सरळ केबल जोडली. तेच रडगाणं. यूएसबी केबल निर्दोष सुटली.

मग कागद घेतला आणि पांढरी एक सा धरून कुठली पट्टी दाबल्यावर काय वाजतं ते लिहीत गेलो. प्रत्येक वेळी चुकत नव्हतं, पण चुकलं की ठरलेलं चुकायचं. मधला सा दाबला की खालचा कोमल ध. रे दाबला की सा. ग बऱ्याचदा मुका. आणि चुकलेली नोट नेहमी दाबलेल्या पट्टीच्या खालचीच, वरची एकदाही नाही. इथंच मला पेशंटची नाडी लागली.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा. घेणारी चिप साधारण प्रत्येक बिटाच्या मधोमध, १६ मायक्रोसेकंदांवर, बघते की लाइन वर आहे का खाली. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आता मधला सा म्हणजे मिडीत ६०, बायनरीत ०११११००, आणि बिट जातात उजवीकडून, म्हणजे आधी दोन शून्य आणि मग चार एक. समजा लाइन खालून वर यायला आळस करतेय, तर शून्यानंतरचा पहिला १ मार खाणार, तो अजून वर पोचायच्या आतच चिप बघून मोकळी. बायनरीत उजवीकडून किमती १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जातात, म्हणून त्या १ ची किंमत ४. साठातून चार गेले, ५६, म्हणजे चार पट्ट्या खाली, कोमल ध! रे म्हणजे ६२, त्यातला पहिला १ दोनाचा, तो गेला की ६०, सा. ग म्हणजे ६४, त्यात १ एकच आहे, तो गेला की उरतं शून्य, आणि शून्य नंबरची नोट या ६१ पट्ट्यांत नाहीच, म्हणून मुका. नोट अडकायचं कारणही तेच. पहिल्या चॅनेलवर नोट बंद करायचा हुकूम म्हणजे १२८, सात शून्य आणि सगळ्यात शेवटी एक १. तो हरवला की हुकूमच गेला, पट्टी सोडली तरी सूर चालूच.

१ चा ० होतोय, ० चा १ कधीच होत नाहीये, म्हणजे खाली पडायला तयार पण वर चढायला नाराज असा पार्ट शोधायचा. मिडी इनमध्ये असा एकच गडी असतो, ऑप्टोकपलर. दोन मशीनची ग्राउंड एकमेकांना जोडली जाऊ नयेत म्हणून सिग्नल आधी उजेडात बदलून पलीकडं नेतात, ते काम याचं. किटवर ६एन१३८ होता. स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर खाली येताना उभी रेघ आणि वर जाताना उसाने भरलेली ट्रॉली चढाला लागावी तशी चाल. या आयसीच्या आत डार्लिंग्टन जोडी, म्हणजे एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर, आहे, ती चालू पटकन होते पण बंद व्हायला वेळ घेते, आणि गरम झाली की अजून वेळ घेते. काकांचं सकाळ-दुपारचं कोडं इथंच सुटलं. पुतण्यापुढं हेअर ड्रायरने फक्त ऑप्टो तापवला, नोटा लगेच पिसाळल्या. तोच ड्रायर ऑसिलेटरच्या बोर्डवर धरला, तर पिच थोडी हलली, नोट एकही चुकली नाही. पोरगा गप्प.

किटवाल्याने आउटपुटचा पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढणारा रेझिस्टर, १०के (दहा हजार ओम) लावला होता आणि पिन ७ मोकळी सोडली होती. पिन ७ म्हणजे आतल्या ट्रान्झिस्टरचा बेस, तिथून ग्राउंडला रेझिस्टर दिला की साठलेला चार्ज निघून जातो आणि तो पटकन बंद होतो. पिन ७ वरून ग्राउंडला १०के टाकला, पुल-अपच्या जागी ४७० ओम, ओम कमी म्हणजे वर ओढ जास्त. दोन्ही ड्रॉवरमध्येच पडलेले होते. स्कोपवर चढ एकदम उभा झाला, मग परत ड्रायर, परत दुपार, सहा बोटांचे कॉर्ड आपटून बघितले, काही अडकत नाही. नवीनच बोर्ड करायचा असता तर मी एच११एल१ लावला असता, त्यात श्मिट ट्रिगर, म्हणजे आळशी चढ उभा करणारं सर्किट, आतच आहे, पण त्याच्या पिना वेगळ्या, त्या सॉकेटात बसत नाही.

अजून एक गोष्ट सापडली. मिडी इन सॉकेटची मधली पिन, २ नंबरची, कुणीतरी कौतुकाने बॉडीला जोडली होती. ही पिन फक्त आउटच्या बाजूला ग्राउंड करायची असते. इनलाही केली की ऑप्टोने वेगळं ठेवलेलं ग्राउंड केबलच्या शील्डमधून परत एक होतं, आणि आपल्याकडची अर्थिंग, टू-पिनचे चार्जर, लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या, हे सगळं घूं करत स्पीकरमध्ये येतं. ती वायर तोडली, हम निम्म्याहून कमी झाला. उरलेला हम पॉवर सप्लायच्या जुन्या कपॅसिटरचा वाटतोय, ते पुण्याहून तपकीर गल्लीतून मागवलेत.

काकांना हे बायनरीचं सगळं सांगून बघितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणले, "ते असू द्या, पण आता हे काळी दोनमध्ये वाजंल का?" म्हटलं, लॅपटॉपमध्ये ट्रान्सपोज दोन पट्ट्या... नाही, तीन वर करा, मग वाजंल.