मुंबई वसईच्या हाताखाली होती तेव्हा

रविवार, रात्री

आज मामीबरोबर वसईला जाऊन आलो. तिचं माहेर वसई गावातलं. भाईंदरची खाडी लागली तशी ती म्हणाली, "आता आमच्या राजधानीत येतोयस हं. तुमची मुंबई आमच्या हाताखाली होती, विसरू नकोस."

थट्टेत म्हणाली, पण खरंच आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तिच्याबरोबर साष्टी आणि मुंबईची बेटंही गेली. मुख्य गादी गोव्याला, पण उत्तरेकडच्या मुलखाचा सगळा कारभार वसईच्या कोटातून चालायचा. पोर्तुगालची राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण गेली, तरी इथल्या पोर्तुगीज अंमलदारांनी कुरकुर करत ताबा सोडायला १६६५ उजाडवलं. पुढे आंदणातली लेकच एवढी मोठी झाली, की आज वसईकर सकाळी चर्चगेटची गाडी पकडायला धावतात.

किल्ल्यात छप्पर उडालेली चर्चेस, भिंतींत शिरलेली वडा-पिंपळाची मुळं. सेंट जोसेफच्या चर्चमध्ये फरशीतच थडगी आहेत, पोर्तुगीज अक्षरांची. त्यांवर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेने चाललो. पलीकडे लग्नाआधीचं फोटोसेशन जोरात चाललं होतं, नवरीचा भरजरी घेर त्याच दगडांवरून फिरत होता. मामी पुढे घेऊन गेली ती गोन्सालो गार्सियांच्या चर्चकडे. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. वसईच्या ख्रिस्ती घरांत हे नाव अजून आपल्या माणसासारखं घेतात.

चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी मात्र बराच वेळ थांबलो. १७३९ चा वेढा, तटाखाली भरलेले सुरुंग, मग शरण आलेल्यांना सन्मानाने दिलेली वाट, हे शाळेपासून ऐकलेलं. पण त्यांचाच चुलत नातू, दुसरा बाजीराव, पुणं सोडून याच वसईत आला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांची तैनाती फौज कबूल करून बसला. मधे अवघी ६३ वर्षं. पहिली गोष्ट आपण पोवाड्याच्या सुरात सांगतो आणि दुसरी परीक्षेपुरती. मला विचाराल तर वसईत दोन्ही एका दमात सांगायला हव्यात.

किल्लाबंदराकडे समुद्राच्या दरवाज्याबाहेर पडलं की लगेच कोळीवाडा. बोंबलांचा वास, शाकारलेल्या होड्या, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. राजधानी गेली, बंदर आहे. सुरूच्या बनातला किनारा मला ठीकठाक वाटला, गर्दीच फार.

मग तुंगारेश्वरला गेलो. ते हायवेच्या पलीकडे, पूर्वेला. पावसात रस्त्यावरून वाहणारे ओहोळ आता पायाचा घोटा बुडेल एवढेच उरलेत, पण झाडी दाट आणि हवा चक्क गार. मुंबईच्या इतक्या जवळ अभयारण्य आहे यावर, वर महादेवाच्या देवळापर्यंत चालून आल्यावरच विश्वास बसला. मामीने गुडघ्यांमुळे पायथ्याशीच चहा घेतला.

परतताना तिने वाडीतली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन दिली आणि गाडीत आठवण केली, की इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे. पुढच्या महिन्यात नाशिकला लग्न आहेच. अक्षता पडायच्या आधी पंचवटीत जाऊन येईन.