सहापैकी सहा

ओपीडीमागच्या फाइलींच्या खोलीत दवाखान्यात आलेल्या एक ताई आणि मी, दोघीच. त्यांच्या सासूबाईंना बाहेर बाकावर बसवलं होतं. सासूबाई शेजारी असल्या की प्रत्येक प्रश्नाला 'बरंय' एवढंच उत्तर येतं.

एफएसएफआय ही स्त्रियांच्या लैंगिक आरोग्याविषयीची, २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली १९ प्रश्नांची प्रश्नावली. तिचं मराठी रूप आम्ही तपासत होतो. इच्छा, उत्तेजना, ओलेपणा, कामपूर्ती, समाधान, वेदना असे सहा भाग आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ६ गुण. एकूण २६.५५ किंवा त्याहून कमी भरले, की लैंगिक तक्रार असण्याची शक्यता धरतात.

ओलेपणाच्या चारही प्रश्नांना उत्तरं झटपट आली. नेहमीच येतो, शेवटपर्यंत टिकतो, अवघड अजिबात नाही. सहापैकी सहा. मग वेदनेचे प्रश्न आले आणि त्यांचा आवाज खाली गेला. "दुखतं. दर वेळी." ओलेपणा पुरेसा असूनही दुखण्याची कारणं अनेक असतात, तरी मला राहवेना. पेन ठेवून विचारलं, "ताई, मघाशी ओलेपणाचं विचारलं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

"अंगावरून पांढरं जातं ना, ते. सारखा कपडा घ्यावा लागतो."

"आणि संबंधाच्या वेळी?"

"तेव्हा कोरडंच असतं. म्हणून तर आग होते."

'संबंधाच्या वेळी' हे शब्द प्रत्येक प्रश्नात होते. पण लांबलचक वाक्याच्या सुरुवातीला आलेले ते शब्द 'ओलेपणा' ऐकेपर्यंत कुठल्या कुठे गेले. भाषांतर करणारे दोघे शहरात शिकलेले, त्याचं परत इंग्रजी करणारेही तसेच. त्यांच्यात अर्थ चोख पोहोचला. दवाखान्यातल्या बाईला विचारायचं कुणाला सुचलंच नाही, याचा मला अजून राग येतो.

आमच्या सरांचा भर क्रॉनबाख अल्फावर, म्हणजे प्रश्नावली कितपत भरवशाची हे बघायला काढतात त्या आकड्यावर. तो चांगला आलाय, मग अडतंय कुठं, असं त्यांचं म्हणणं. पण अल्फा फक्त उत्तरांचा आपापसातला मेळ सांगतो. या ताईंनी चारही प्रश्न एकाच चुकीच्या अर्थानं घेतले होते, त्यामुळे मेळ उत्तमच होता. त्यांच्या आजारालाच आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले होते.

त्यांना लगेच स्त्रीरोग विभागात नेलं. संध्याकाळी आधीचे फॉर्म काढून बसले. ओलेपणात सहापैकी सहा मिळालेल्या आणखी नऊ जणी निघाल्या. 'मनात काय आलं' हे मी त्यांच्यातल्या एकीलाही विचारलेलं नव्हतं.