तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला घडीचा चाकू

“पर्समध्ये चाकू कशाला लागतो तुम्हाला?” हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ऐकलं की लगेच दुसरा, “मग आम्हालाही कमी पैशातला एखादा सुचवा ना.” मी पुण्यात लोकांच्या गच्चीवरच्या बागा लावून देते, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला सोसायटीच्या गच्चीत, रोपवाटिकेत, अगदी नातेवाइकांकडे पंगतीतसुद्धा विचारले जातात. नुकताच चौदाशे रुपयांचा एक नवा चाकू घेतलाय. तो समोर ठेवूनच लिहिते, म्हणजे मोघम बोलणं होणार नाही.

आधी पहिल्या प्रश्नाचं. सुतळी कापायला, खताच्या गोणीची शिवण उसवायला, कोकोपीटच्या विटेवरचं प्लास्टिक काढायला, टोमॅटोच्या काठीचे बांध सोडवायला, पार्सल उघडायला आणि दुपारी पेरू चिरायला. संरक्षणासाठी अजिबात नाही. हे मी मैत्रिणींना मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच जणींच्या मनात तेच असतं. घाबरलेल्या हातातला चाकू आधी आपल्यालाच लागू शकतो, झटापटीत हिसकावलाही जातो. त्या विचाराने घ्यायचा असेल तर कृपा करून घेऊ नका.

आता चाकूकडे. पातं सात सेंटीमीटर, मूठ नारिंगी, वजन हातात जाणवेल पण पर्सला जड होणार नाही एवढं. नारिंगी रंग मी मागून घेतला. पालापाचोळ्यात पडलेला काळ्या मुठीचा चाकू शोधणं म्हणजे अर्धा तास मोडला.

नवा चाकू हातात आला की बहुतेक जण आधी धारेवर अंगठा फिरवतात. मी आधी लॉक बघते. धार बोथट असेल तर ती घरी लावता येते. लॉक कच्चं असेल तर त्याला घरी इलाज नाही, आणि काम करताना पातं मिटलं तर ते सरळ बोटांवर येतं. या किमतीत बहुतेक ठिकाणी लाइनर लॉक मिळतं. अमेरिकेतले चाकू बनवणारे मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आजच्या रूपात आणलं. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पातळ धातूच्या पट्ट्या असतात, त्यातली एक किंचित आत वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ही पट्टी टक्कन त्याच्या बुडामागे सरकते आणि पातं मिटू देत नाही. बघायचं ते हे, की पट्टी बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत आत आलेली हवी. नुसती काठावर टेकली असेल तर जोर पडल्यावर निसटू शकते. पार पलीकडच्या टोकाला गेली असेल तर पुढे झिजायला जागाच उरलेली नाही. माझ्या चाकूत ती निम्म्याच्या किंचित अलीकडे थांबते. इथे माझा अर्धा निर्णय झाला.

मग पातं उघडं ठेवून हलवून पाहिलं. वर-खाली जराही हालत नव्हतं. डावी-उजवीकडे मात्र केसभर हालत होतं. बिजागरीचा स्क्रू अगदी थोडा आवळला आणि ते थांबलं. हा स्क्रू टॉर्क्स जातीचा, चांदणीच्या आकाराच्या खाचेचा असतो. मोबाईल दुरुस्तीच्या स्क्रूड्रायव्हर संचात त्याचं टोक सापडतं. एकदम आवळू नका, पातं जड होतं. थोडं आवळा, उघडून बघा, पुन्हा थोडं.

मिटलेल्या स्थितीतली परीक्षा लोक विसरतात. लॉकच्या पट्टीवर एक बारीक छर्रा बसवलेला असतो, तो पात्याच्या खळीत अडकून पातं आत धरून ठेवतो. चाकू मिटून, पातं खालच्या बाजूला येईल असा घट्ट धरा आणि समोर कुणी नसताना मनगटाने हलका झटका द्या. पातं डोकावलं तर तो चाकू पर्समध्ये टाकायच्या लायकीचा नाही. तिथे आपण न बघता हात घालतो.

मिटताना अंगठा पट्टी बाजूला सारतो, तेव्हा तो नेमका पात्याच्या वाटेत असतो. पातं थोडं आत आलं की अंगठा काढून घ्यायचा, मगच पूर्ण मिटायचं. कुणाला शिकवताना मी इथे थांबते आणि चार-पाच वेळा करून घेते.

धारेचं आता. वर्तमानपत्राचा कागद धरून पात्याच्या टाचेपासून, म्हणजे मुठीजवळच्या धारेपासून, टोकापर्यंत कापून पाहिला. बहुतेक लांबीत सुर्रकन गेला, टोकाजवळ मात्र फाटला. धारेपासून बाहेरच्या दिशेने बोट हलकेच ओढल्यावर तेवढ्या भागात एका बाजूला बारीक मुरड लागत होती. ही कारखान्यात घाईने लावलेल्या धारेची खूण, आणि स्वस्त चाकूत ती सर्रास दिसते. त्यासाठी चाकू परत करायची गरज नाही. चिनी मातीचा कप उपडा ठेवा. तळाच्या कडेला जिथे चकाकी नसते ती खरखरीत कड उत्तम काम करते. पातं साधारण वीस अंशांत टेकवून, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, जोर न लावता ओढायचं. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, काही हात. टोकाकडचा कागदही मग तसाच सुर्रकन कापला.

पण नुसती धार असून भागत नाही, पातं पातळ हवं. हे दुकानात कुणी सांगत नाही. याच किमतीत साडेतीन मिलिमीटर जाड पाठीची दणकट पाती भरपूर दिसतात आणि हातात घेतल्यावर भारीही वाटतात. ती सुतळी कापतात, पण कैरीत घातली की चिरत नाहीत, पाचरीसारखी फोडतात. गाजर कापून बघा. चकती शेवटपर्यंत कापली जाते की मध्येच कट्कन तुटते, एवढ्या आवाजावरून जाडी कळते. माझ्या चाकूची पाठ अडीच मिलिमीटर आहे आणि धारेकडे पातळ होत जाणारा उतार पाठीपासूनच सुरू होतो. गाजर तरीही अखेरीस थोडं तुटलं. पेरू मात्र छान चिरला गेला. चौदाशे रुपयांत मी यावर समाधानी आहे.

पात्यावर ८सीआर१३एमओव्ही असं कोरलंय. चिनी बनावटीच्या स्वस्त चाकूंत हे पोलाद फार दिसतं. कार्बन साधारण ०.८ टक्के, क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, शिवाय थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. धार फार काळ टिकत नाही, पण लावायला सोपी, आणि जुलैतल्या दमट हवेत सहसा गंजत नाही. हल्ली डी२ पोलादाचा आग्रह होतो. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या घरात असल्यामुळे धार टिकते जास्त, पण गंज रोखणाऱ्या क्रोमियमचा बराच भाग कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत, अडकतो, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही. लिंबू चिरून तसंच ठेवलं तर डाग पडू शकतात, आणि एकदा बोथट झालं की घरच्या दगडावर घाम निघतो. शिवाय नाव काहीही असो, पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल तर ते नाव नुसतं कोरण्यापुरतं. पहिला चाकू घेणाऱ्याने डी२ च्या मागे लागू नये.

फळं आणि भाजी हेच मुख्य काम असेल तर मी वेगळंच सुचवेन. फ्रान्समधला ओपिनेल, १८९० पासून बनतोय, लाकडी मूठ आणि १९५५ पासून पात्याच्या बुडाशी फिरवायचं कडं, तेच त्याचं लॉक. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं आणि खूपच पातळ, गाजराला तेच हवं. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं जड उघडतं, हे धरून चला. घ्यायचा तर स्टेनलेसचाच. कार्बन पोलादाचाही मिळतो, पण कैरी-लिंबाने तो काळवंडतो, जुन्या लोखंडी विळीचं पातं व्हायचं तसा. गुलाबाची किंवा आंब्याची कलमं करायची असतील तर यातला एकही नको. कलमाचा चाकू निराळा मिळतो, त्याची धार बहुतेक एकाच बाजूने उतरवलेली असते, त्यामुळे काप सपाट येतो आणि सालीला साल नीट बसते.

पुण्यात आणखी एक सांगावंच लागतं. कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण गेली काही वर्षं वाचतोय. गोणी उघडायला काढलेला चाकू पाहूनही शेजारच्या आजी दचकतात, आणि त्यांचं दचकणं मला रास्त वाटतं. म्हणून बटण दाबलं की पातं बाहेर फेकणारे, काळे, दातेरी चाकू मी सुचवत नाही. माझा एका हाताने उघडतो, तरी चारचौघांत मी दोन्ही हातांनी, सावकाश उघडते. शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरलेत, घरगुती आणि शेतीकामाचे वगळून. आपलं पातं पावणेतीन इंचांचं. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणांच्या, निवडणुकीच्या दिवसांत मनाई आदेश निघतात, तेव्हा तो घरी ठेवा. मेट्रोनेही नेऊ नका, तपासणीत अडवतात. विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.

ऑनलाइन घेतलात तर आल्या दिवशीच लॉक तपासा, परत करायची मुदत टळू देऊ नका. बोहरी आळीतल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून घेणार असाल तर दिवसा जा, पातं उघडून धार डोळ्यांसमोर वर करून उजेडाकडे धरा. चांगली धार चमकत नाही. जिथे पांढरी रेघ चमकेल तिथे ती बोथट आहे. तसा असेल तर दुकानदाराला दुसरा काढायला सांगा.