ठेल्यावरची मिटिंग

२५ नोव्हेंबर, रात्र

आज महिलांवरच्या हिंसेविरोधातला दिवस, म्हणजे आजपासून १० डिसेंबरपर्यंत सोळा दिवस कार्यक्रम चालणार, त्यातला एक आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याकडं समाजभवनात होता. बायकोच्या बचत गटाला बोलावणं होतं म्हणून तिला सोडायला गेलो आणि परत न्यायचंच होतं तर थांबलो. आत सगळ्या बाया. बाहेर पानठेल्यावर त्यांचे नवरे, दीर, दोनचार पोट्टे, गाड्या स्टँडवर लावून पन्नीत खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटत उभे. माइक बाहेरपर्यंत ऐकू येत होता, मॅडम सांगत होत्या मार सहन करू नका. म्हणजे जिनं मार खाल्ला तिला खुर्ची, चहा अन् भाषण, आणि ज्याचा हात उठते तो बाहेर चुना मागून राहिला. मला हे लय खटकते.

एक जण म्हणे, "आत काय शिकवून राहिले बे?" दुसरा म्हणे, "नवऱ्यावर केस कशी ठोकायची थे." हसले सगळे. मग ४९८ निघालं, म्हणजे सासरच्या छळाचं कलम ४९८-अ, ते निघतेच. मी म्हटलं भाऊ, १ जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेत ८५ झालं, आणि आत जो चालू आहे तो २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, त्यात सुरुवातच जेलनं होत नाही, कोर्ट नवऱ्याला सांगते मारू नको, तिला घरातून काढू नको, खर्च दे, आणि तो आदेश मोडला तर मग गुन्हा. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे म्हटल्यावर हसणं जरा कमी झालं.

तेवढ्यात एक ऑटोवाले काका, इतका वेळ चूप होते, म्हणाले, "आमच्या लाइनीत एक घर हाय, रोज रातच्याला आवाज येते. जावं वाटते. पन तो म्हणन तू कोन?" हाच खरा प्रश्न आहे ना राजेहो. आपण सगळे टीव्हीचा आवाज वाढवतो ते काही बायको मारणं पटते म्हणून नाही, दुसऱ्या माणसाच्या घरात बोललो तर आपलाच पाणउतारा होईन म्हणून. बाईपेक्षा चार पुरुष काय म्हणतील याचीच आपल्याला जास्त भीती.

मी त्यांना 'बेल बजाओ' सांगितलं. २००८ मधे टीव्हीवर जाहिराती यायच्या, मारण्याचा आवाज आला की शेजारचा माणूस जाऊन बेल वाजवते आणि दूध वगैरे काहीतरी किरकोळ मागते. भाषण नाही, दमदाटी नाही. आतल्याला फक्त कळते की कोणीतरी ऐकून राहिलं. बस, इथून ठेल्यावर जी चर्चा पेटली! पंप मागायचा, पान्हा मागायचा, कोणी म्हणे पाव्हणे आले दोन खुर्च्या द्या. काका म्हणाले, "टाकी वाहून राहिली भाऊ तुमची, मोटर बंद करा." यावर कोणी घरात बसूनच राहू शकत नाही, नागपुरात तर नाहीच. एका पोट्ट्यानं बरोबर विचारलं की तो पिऊन असला, हातात काही असलं तर? तर दारात जायचं नाही, पोलिसांचा ११२ लावायचा. आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला घरातल्या कोण्या बाईच्या हातून महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर पोचवायचा, नवऱ्यासमोर नाही, नाहीतर ती अजून मार खाते.

असं पुरुषांनी पुरुषांशी बोलणं काही आजचं नाही. मुंबईत 'मावा' नावाची संघटना १९९३ पासून हेच करते, त्याची सुरुवात बायकोला मारणं मान्य नसलेले पुरुष हवेत अशा पेपरातल्या जाहिरातीतून झाली होती. (आमच्याकडं मावा म्हटलं की लोक बर्फी आठवतात, ते सोडा.) मला फक्त ते 'खरा मर्द बाईचं रक्षण करते' छाप पोस्टर पटत नाही. रक्षण करणाराच मग ठरवते बहिणीनं बर्डीच्या बाजारात कोणासोबत जायचं, किती वाजता यायचं. आणि मारबतीच्या मिरवणुकीत अत्याचाराचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढून नाचून घेणं त्याहून सोपं, तो बडग्या नेहमी दुसऱ्याच कोणाचा असते.

एक जण म्हणाला बायाच म्हणतात ना, नवऱ्यानं मारलं तर काय झालं. म्हणतात, खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काही ना काही कारणानं नवऱ्याचं मारणं योग्य म्हणणाऱ्या बाया ४५ टक्के होत्या आणि पुरुष ४४. पण तिचं म्हणणं तिच्याच पाठीवर पडते, आपलं म्हणणं आपल्या पाठीवर पडत नाही, एवढा फरक आहे. यावर तो काही बोलला नाही, खर्रा थुंकायला गेला.

साडेसातला बाया बाहेर आल्या. निघताना ठेलेवाल्याला विचारलं, १८१ आणि ११२ लिहिलेला कागद चिकटवू का इथं. म्हणे चिकटवा, पण पेमेंटचा स्कॅनर झाकला नाही पाहिजे, अन् मराठी-हिंदी दोन्हीत लिहा. उद्या जाड स्केचपेन आणायला पाहिजे.