घट्ट किती, सैल किती

जुन्या स्पोर्ट्स गाडीचे कौतुक करताना लोक इंजिनाच्या आवाजाविषयी बोलतात, रंगाविषयी बोलतात, छप्पर उघडून फिरायला निघण्याविषयी तर भरभरून बोलतात. ती थांबते कशी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. इंग्लंडमध्ये ती बाळगणे फारसे अपूर्वाईचे नाही, कारण १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातील कारखान्यातून बाहेर पडल्या. इथल्या कायद्याने ४० वर्षांवरील आणि मूळ बांधणीत मोठा फेरफार न झालेल्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट दिली आहे. ही सूट ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात तपासणारा कोणी उरला नाही म्हणजे ब्रेकची काळजी मालकाच्याच माथी येते, आणि त्याच काळजीपोटी मी पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क (ब्रेक ज्यांना चिमटीत धरतो त्या फिरत्या तबकड्या) आणि चाकांचे स्टड (चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते आटेदार खिळे) एकदमच बदलायचे ठरवले.

डिस्क ब्रेकची कल्पना या गाडीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली बर्मिंगहॅममध्ये तिचे पेटंट घेतले होते, पण तिला खरा मान मिळाला तो १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार सी-टाइपने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. एमजीबीला ते पहिल्यापासून मिळाले, तेही फक्त पुढच्या चाकांना. मागे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच राहिले. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकांवर पडते, तेव्हा ही काटकसर मला समंजस वाटते.

बिडाची ही तबकडी झिजते कशी, ते पाहण्यासारखे असते. तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड जिथे घासतात तो पट्टा हळूहळू खोल जातो आणि कडेला बोटाला जाणवेल असा काठ उभा राहतो. ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवली की ‘डिस्क वाकली’ असे म्हणण्याची सर्वत्र पद्धत आहे, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडच्या द्रव्याचा थर तिच्यावर असमान बसलेला असतो, किंवा ती हबवर (चाक ज्याला लागते त्या मधल्या फिरत्या भागावर) किंचित तिरकी बसल्यामुळे जाडीत कमीजास्त झिजलेली असते. म्हणूनच नवी डिस्क चढवण्यापूर्वी हबचा ती टेकते तो पृष्ठभाग गंज खरवडून लख्ख करावा लागतो आणि बसवल्यावर तिचे डगमगणे डायल गेज या सूक्ष्म मापकाने मोजावे लागते. कडेपाशी ते एका इंचाच्या ३ सहस्रांशांपेक्षा अधिक असता कामा नये.

आजच्या गाडीत डिस्क हबवर बाहेरून बसते आणि चाक व कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) काढले की सुटते. एमजीबीत ती हबच्या पाठीमागे चार बोल्टांनी आवळलेली असते. तिला हात लावायचा तर आधी कॅलिपर सोडून तारेने टांगून ठेवावा लागतो (ब्रेकच्या नळीला लटकत ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा), मग ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन आणि मोठा नट काढून सगळा हबच ओढून घ्यावा लागतो. हब टेबलावर आला की स्टड बदलण्याची संधी आयतीच चालून येते. तेव्हा एकाच वेळी दोन्ही कामे उरकण्यात माझा उत्साह कमी आणि आळस अधिक होता, हे सांगून टाकलेले बरे.

चाकाचा स्टड दिसायला खुंटीसारखा असला तरी त्याचे काम खुंटीचे नव्हे. चाक त्याच्यावर टांगलेले नसते. नट आवळला की स्टड अगदी थोडा ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबले जाते आणि दोहोंमधले घर्षणच सगळा भार पेलते. आवळताना लावलेल्या शंभर भाग जोरापैकी जेमतेम दहा भाग या दाबासाठी उपयोगी पडतात. बाकीचे नटाच्या तोंडाशी आणि आट्यांमध्ये घासण्यात खर्ची होतात. म्हणून आट्यांना तेल लावले की त्याच आकड्यावर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. या गाडीच्या नटांसाठी ६० ते ६५ पाउंड-फूट एवढा जोर सांगितलेला आहे. पूर्वी कुठल्याशा गॅरेजात हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने ते बेफाम आवळले गेले असावेत, कारण जुन्या स्टडांवर नवा नट बोटांनी फिरवला तेव्हा तो अर्ध्यावरच अडला. स्टड मर्यादेपलीकडे ताणला की मूळच्या लांबीवर परत येत नाही आणि त्याच्या आट्यांमधले अंतर बिघडते. असे स्टड मी प्रेसवर दाबून काढले आणि नवेही प्रेसवरच बसवले. नट आणि वॉशर लावून नवा स्टड ओढून बसवण्याची युक्ती सोपी आहे, पण त्यात बिचाऱ्याचा ताण चाक लागण्याआधीच सुरू होतो.

सगळ्यांत रमलो ते बेअरिंगपाशी. दोन बेअरिंगांच्या मध्ये पोलादी नळी असते आणि तिच्या टोकाला कागदासारख्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालाव्या लागतात. नट ४० ते ७० पाउंड-फूट इतका घट्ट आवळल्यावरही हबला इंचाच्या २ ते ४ सहस्रांशांची मोकळीक उरली पाहिजे. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीवर असाच बेताने तोललेला असतो. फार बसला तर फिरत नाही, फार उचलला तर भरड निघते. शिम ३, ५ आणि १० सहस्रांशांच्या मिळतात. एक घाला, आवळा, मोजा, पुन्हा सोडा, दुसरी काढा, असा हा खेळ चालतो आणि घाई असलेल्या माणसाचे त्यात काही चालत नाही. पुष्कळजण शिम अडगळीत टाकून नुसत्या अंदाजाने नट लावतात. मला ते पटत नाही, कारण ती नळी आणि त्या शिम स्टब अ‍ॅक्सलला (हब ज्यावर फिरतो त्या आखूड आसाला) वाकण्याविरुद्ध बळकटी देतात आणि गाडी वळणावर अंग टाकते तेव्हा त्यांचाच आधार असतो. चाक चढवल्यावर वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून ते हलवून पाहायचे. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात. इथे मात्र चाक किंचित हललेच तर मनाला समाधान वाटते.

नव्या डिस्क लगेच पूर्ण जोराने वापरायच्या नसतात. मध्यम वेगावरून बेताने ब्रेक दाबत, मध्ये त्यांना थंड होऊ देत, पॅडचा थर सारखा बसू द्यायचा. त्या काळात गाडी थांबायला थोडा उशीर करते, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलेले बरे. पहिले पन्नास मैल झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) तपासायचे, कारण नवे स्टड आपल्या भोकात आणि नट आपल्या बैठकीत जरा आणखी बसतात. मी तपासले तेव्हा डाव्या चाकाचा एक नट पाव वळसा फिरला. बाकीचे जागचे हलले नाहीत.