पुनवेला रात्री बाराला भरती असते

राजापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शिमग्याच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, पतपेढीचे अहवाल आणि वर्षाकाठी एखाद्या निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह. सोळा वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप केलं. जोडाक्षरं नीट केली, कधी गुपचूप एखादी ओळही नीट केली. आपण स्वतः काही लिहावं असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

ते आणलं माझ्या भाचीनं. ती मे महिन्यात बोरिवलीहून येते आणि दोन दिवसांत एक जाडजूड पुस्तक संपवते. सगळी इंग्रजी. ड्रॅगन, बर्फातले किल्ले, शाप, तलवारी. मी सहज विचारलं, असलं काही मराठीत वाचत नाहीस का गं? तर म्हणते, "मावशी, मराठीत मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जातात, चोर पकडतात आणि शेवटी त्यांचा सत्कार होतो." हसू आलं, पण लागलंही. (मराठीत याहून वेगळं बरंच लिहिलं गेलंय. ते बोरिवलीतल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हाताला का लागत नाही, हा वेगळा विषय.)

त्याच संध्याकाळी तिला बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर नेलं. तिथं कातळात एक माणूस कोरलेला आहे, दोन्ही बाजूंना दोन वाघ. लहानपणी आम्हाला सांगायचे, ही पांडवांची कामं. आता संशोधक म्हणतात, हजारो वर्षांपूर्वीची आहेत. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यातली निम्म्याहून जास्त आमच्या राजापूर तालुक्यातली. कशेळीला तर जवळपास अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी. कुठे कुठे गेंडाही कोरलाय. भाची म्हणाली, "गेंडा? इथं? मग कोरणाऱ्यानं तो बघितला कुठे?" आणि देवाचं गोठणं नावाच्या गावी कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते म्हटल्यावर ती गप्पच झाली. परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "हे कुणी लिहीत का नाही?"

मग मीच बसले. शटर ओढलं की जेवण, भांडी, आणि साडेनऊ ते साडेअकरा लिखाण. आठ महिने लागले. पहिला खर्डा म्हणजे भुतांची जत्राच होती. मुंजा, वेताळ, हडळ, चकवा, देवचार, जे जे लहानपणी ऐकलं होतं ते सगळं पहिल्या पाच प्रकरणांत कोंबलं होतं. प्रत्येक भूत यायचं, घाबरवायचं आणि निघून जायचं, कथेला त्याचं काही पडलेलं नसायचं. शेवटी सगळ्यांना नारळ दिला आणि एकच ठेवला, गिऱ्हा. पाण्यातला. बुडून मेलेल्याचा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्याची भीती शिकवावी लागत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. तीन मुलं, सड्यावरचं एक कातळशिल्प, त्यातला एक प्राणी दर शिमग्याला जागा बदलतो, आणि खाडीच्या तोंडावर एक बेट. बेट माझ्या मनातलं. बाकी सड्यापासून जैतापूरच्या खाडीपर्यंतचा मुलूख खराखुरा.

खर्डा झाला, पण वाचणार कोण? मोठ्यांना दिलं तर "छान आहे" म्हणतात आणि विषय संपतो. नाटे गावाच्या बाजूला एका शाळेत माझी मैत्रीण शिकवते. तिच्या सातवीच्या वर्गात बावीस मुलं, बहुतेकांच्या घरी होडी किंवा ट्रॉलर. दर शनिवारी मी एका प्रकरणाच्या प्रती काढून स्टेपल करून पाठवायची. सूचना एकच, जिथं कंटाळा येईल तिथं पेन्सिलनं फुली मारा, कारण लिहू नका. कारण लिहायला सांगितलं की मुलं निबंध लिहितात.

फुल्या बघून आधी राग आला. चौथ्या प्रकरणात सूर्यास्ताचं दीड पान वर्णन होतं, माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात सुंदर भाग. बावीसपैकी एकोणीस फुल्या. ज्यांच्या अंगणातून रोज सूर्यास्त दिसतो त्यांना मी सूर्यास्त विकत होते. उलट आजीनं भांड्याला माती फासून चुलीवर ठेवायचं सांगितलं, त्या तीन ओळींवर एकही फुली नाही, कारण त्याच भांड्यात नंतर नकाशा सापडतो. हळूहळू समजत गेलं. वर्णन चालतं, पण त्या वस्तूनं पुढे काहीतरी काम केलं पाहिजे.

नववं प्रकरण म्हणजे माझा कळस. शिमग्याची पौर्णिमा, टिपूर चांदणं, रात्रीचे बारा, लांबून पालखीचे ढोल. समुद्र मागे सरतो, वाळूची वाट उघडी पडते आणि तिघं मुलं चालत बेटावर जातात. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता. सोमवारी मैत्रिणीचा फोन, एक मुलगी तुझ्याशी बोलायचं म्हणतेय. पलीकडून बारीक आवाज आला.

"काकी, तुमची पोरं बुडली."

"कुठे गं?"

"वाटेतच. पुनवेला रात्री बाराला भरती असते."

मी म्हटलं, अगं ती जादूची गोष्ट आहे. तर म्हणाली, "जादू बेटावर आहे ना? वाट तर आपलीच आहे."

पुढच्या रविवारी मी नाट्याला गेले. तिच्या आजोबांनी पडवीत बसून हिशोब शिकवला. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची तीच रात्रीची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पाचदहा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी ढकलायला एवढं पुरतं. मी राजापूरची, जन्मापासून खाडी बघतेय, आणि मला तिथीची पाऊणपट ठाऊक नव्हती. नदीकाठच्या माणसाला पुराचं गणित येतं, जवाहर चौकात पाणी कधी शिरणार ते मी झोपेतही सांगेन. समुद्राचं वेगळंच.

मी म्हटलं, मग अष्टमी धरते. भरती सहाला, म्हणजे रात्री बाराला ओहोटी, झालं काम. मुलगी आणि आजोबा एकदमच हसले. अष्टमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, माझी वाट उघडणारच नाही. वाट उघडायची तर उधाणाचीच ओहोटी हवी, म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावास्या, आणि ती यायची पहाटे पाच-सव्वापाचला किंवा संध्याकाळी. थोडक्यात, आमच्या किनाऱ्यावर मध्यरात्री समुद्र भरपूर मागे सरणं हे कुठल्याच तिथीला जमत नाही.

दोन दिवस चिडचिड झाली. सगळी रात्र वाया. शिवाय गिऱ्हा पडला रात्रीचा, कोंबडा आरवला की त्याचा अंमल संपला. पहाटे पाचला त्याला आणून करू काय? तिसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेवर मुहूर्त टाइप करताना डोक्यात आलं, अगं, हाच तर मुहूर्त आहे. वाट उघडणार पाचच्या सुमाराला, कोंबडा आरवणार थोड्या वेळात. गिऱ्ह्याकडे तेवढाच वेळ आहे आणि मुलांकडेही तेवढाच. शिवाय पौर्णिमेचा चंद्र पहाटे पश्चिमेला, म्हणजे समुद्रातच उतरत असतो. मुलं चालतायत आणि समोर चंद्र बुडतोय. हे चित्र मी आपणहून कधीच रचलं नसतं. नववं आणि दहावं प्रकरण पूर्ण फाडून पुन्हा लिहिलं. त्या शनिवारी एकही फुली आली नाही. तळाशी फक्त एकीनं लिहिलं होतं, "आता बरोबर."

प्रकाशकांचं लवकर आटपते. पाच ठिकाणी पाठवलं. तिघांकडून काहीच नाही. एकानं सात महिन्यांनी कळवलं की "प्रादेशिक शब्द कमी केल्यास विचार करू." पाचव्यानं थेट खर्चाचा आकडाच सांगितला, माझ्या खर्चाचा. म्हटलं पैसे माझेच जाणार असतील तर पुस्तकही माझंच होऊ दे, दुकान आहेच.

आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची, मला उगाच धास्ती होती. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट, आणि लेखक स्वतः प्रकाशक असला तरी मिळतो. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर तो फॉर्म भरून देण्याचे मागतोय एवढं लक्षात ठेवा. माझा अर्ज अडकला तो माझ्याच घोळामुळे, मुखपृष्ठावर माहेरचं नाव आणि ओळखपत्रावर सासरचं. नंबर आला तेव्हा मुलांना त्यातली गंमत दाखवली. तेरा आकडे, आळीपाळीनं एकनं आणि तीननं गुणून बेरीज करायची, तिला दहानं भाग जातोच, नाही गेला तर नंबर खोटा. वर्गातली मुलं वाचनालयाची पुस्तकं काढून आठवडाभर खोटा नंबर शोधत होती म्हणे.

खरी फजिती झाली माझ्याच धंद्यात. पहिली सहा प्रकरणं जुन्या सवयीनं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, पुढची युनिकोडमध्ये. जुनी कन्व्हर्टरमधून काढली आणि घाईत पुढे गेले. पहिल्या प्रुफात गिऱ्ह्याचा सगळीकडे "गिर्हा" झालेला. ज्याच्यावर सगळं पुस्तक उभं, त्याचाच र डोक्यावर जाऊन बसला. शोधून बदलायला घेतलं तर निम्मेच सापडले, कारण हा आडवा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो, डोळ्याला एकच दिसतो, कॉम्प्युटरला दोन वेगळे. शेवटी पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली. दर्या, सुऱ्या, दुसऱ्या, तऱ्हा. दर्या तेवढा बरोबर होता, तोही मी झोपेच्या भरात एकदा "दऱ्या" करून ठेवला.

मग पानं. छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म धरतात, माझी भरली एकशे एक्कावन्न. म्हणजे नऊ फॉर्म आणि वर सात पानं. एक तर दहावा फॉर्म घेऊन नऊ कोरी पानं द्यायची, नाहीतर सात पानं कापायची. कापायला बसले आणि शेवटचं प्रकरण वाचून स्वतःच्याच कपाळावर हात मारला. ग्रामपंचायतीसमोर मांडव, सरपंच, शाल, श्रीफळ. मी त्या तिघांचा सत्कार लिहून ठेवला होता! बरोबर सव्वासहा पानांचा. तो गेला, बाकी पाऊण पान इकडून तिकडून निघालं.

कोल्हापुरात ३०० प्रती छापल्या. छपाई बांधणी सत्तावीस हजार, आतली चित्रं नऊ हजार, मुखपृष्ठ चार. एकूण चाळीस, म्हणजे प्रत पडली १३३ रुपयांना. छापील किंमत १८०. दुकानदार चाळीस टक्के मागतात, ते दिले तर हातात १०८ येतात. हे गणित तिथीपेक्षा सोपं होतं, दुकानांत ठेवायचंच नाही ठरवलं. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा विकायचं म्हणून जुलैत गठ्ठे आणले, हीच दुसरी चूक. राजापूरचा जुलै आणि एका बाजूनं लॅमिनेशन केलेलं कव्हर. आठवड्यात मुखपृष्ठं पापडासारखी वळली. सासूबाईंनी तोडगा काढला, तांदळाची दोन पिंपं रिकामी करून त्यात पुस्तकं भरली, वर पाटे ठेवले. त्या दिवसांत आम्ही तांदूळ गोणीतून खाल्ले.

चार प्रती कायद्यानं द्याव्या लागतात, १९५४ चा कायदा आहे, प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत. एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि बाकी मुंबई, चेन्नई, दिल्लीला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, चेन्नईला मराठी कोण वाचणार? मला तर चेन्नईच्या कपाटात गिऱ्हा बसलाय या विचारानंच बरं वाटलं.

गणपतीत एकशे सत्तर गेल्या, दीडशे रुपयांनी, दुकानाच्या काउंटरवरून. त्या बावीस मुलांना एकेक दिली. भाचीनं वाचून "सत्कार नाहीये!" एवढाच मेसेज पाठवला, मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

परवा डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. मुलगा सहावीत, दिवाळीत त्याला ते बेट बघायला आणायचंय, गाडी जाते का? मी म्हटलं, अहो, बेट खोटं आहे, मी रचलेलं. त्या म्हणाल्या, "असं कसं? त्यानं कालनिर्णय काढून सगळ्या वेळा ताडून बघितल्यात. पुस्तकातल्या आजोबांचा हिशोब बरोबर निघतोय." मागून मुलाचा आवाज, "त्यांना विचार ना, लपवतायत त्या."

काय सांगणार? देवाचं गोठणं खरं आहे, तिकडे घेऊन जा म्हटलं, आणि येताना होकायंत्र आणायला सांगा त्याला.