पिशवीतले सात डायनोसॉर आणि वरोऱ्याचे गवत

१९९४च्या उन्हाळी सुट्टीत मामाने आम्हा भावंडांना नागपूरला ‘जुरासिक पार्क’ हा डायनोसॉरांचा चित्रपट दाखवला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अमेरिकेत तो आदल्या वर्षीच्या जूनमध्ये लागला होता. आपल्याकडे तो हिंदीतूनही आला, आणि त्यामुळेच चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला त्यातला शब्द न् शब्द कळला. मी तो चित्रपट त्या वर्षी एकदाच पाहिला. घरी व्हीसीआर नव्हता, आणि तिकिटासाठी पुन्हा नागपूर गाठावे असे घरात कोणाच्या मनातही आले नसते. त्यामुळे माझ्यापुरता तो चित्रपट जेवढा आठवेल तेवढाच होता, आणि तो विसरू नये म्हणून मला हातात काहीतरी हवे होते.

ते मला त्याच संध्याकाळी सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाले. प्लॅस्टिकच्या एका पिशवीत सात डायनोसॉर होते. त्यांच्या पोटावर इंग्रजीत ‘चायना’ असे उठवलेले होते, पाठीवरून साच्याच्या जोडाची रेघ गेलेली होती आणि रंग डोळ्यांच्या जागेवरून जरा घसरलेला होता. त्या चित्रपटाची खरी खेळणी अमेरिकेत केनर नावाच्या कंपनीने काढली होती. त्यांच्या अंगावर ‘जेपी’ ही खूण असे आणि काहींच्या कातडीचा तुकडा काढला की आतली जखम दिसे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा मला त्यांची उणीव भासली नाही, कारण माझ्या लेखी माझे सात प्राणीच चित्रपटातल्या बेटावरचे होते.

मात्र त्यांच्यातला टी-रेक्स चुकीचा होता. चित्रपटातला टी-रेक्स पाठ जमिनीला समांतर ठेवून, शेपटी मागे ताठ धरून चालतो. माझा मात्र कांगारूसारखा उभा राहून शेपटीवर टेकला होता. जुन्या पुस्तकांतली चित्रे तशीच असत. शास्त्रज्ञांनी ती कल्पना १९७०च्या दशकापासून सोडून दिली होती, पण खेळण्यांच्या साच्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचलेली नव्हती. मला हा इतिहास ठाऊक नव्हता. मला एवढेच दिसत होते की हा प्राणी पावसात गाडीच्या मागे धावू शकणार नाही. प्लॅस्टिकची बादली उन्हात नरम पडते हे रोजच्या पाहण्यातले होते. म्हणून मी आईच्या नकळत गंजात पाणी कडकडीत तापवले, टी-रेक्सची शेपटी त्यात धरली, ती मऊ झाल्यावर वर वळवली आणि लगेच माठातल्या पाण्यात बुडवली. ती तशीच राहिली. आता तोल पुढे जाऊन तो तोंडावर पडू लागला, म्हणून पायांच्या तळाला मेण लावले. बोटे दोन दिवस हुळहुळत होती, पण तो उभा राहिला, आणि माझ्या आठवणीत तो जसा होता तसाच उभा राहिला.

चित्रपटात गळ्याची झालर फुलवून विष थुंकणाऱ्या डायलोफोसॉरसचे खेळणे पिशवीत नव्हते, म्हणून एका सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या गळ्याभोवती मी लग्नपत्रिकेच्या लाल कागदाची झालर चिकटवली. ती झालर आणि ते विष थुंकणे, दोन्ही चित्रपटवाल्यांनी कल्पनेने घातलेले आहे. खऱ्या डायलोफोसॉरसच्या सांगाड्यात त्याचा पुरावा नाही. चित्रपटात माणसाएवढा दाखवलेला व्हेलोसिरॅप्टरही खरा, मंगोलियात सापडलेला, शेपटीसकट जेमतेम दोन मीटर लांब, म्हणजे उंचीने टर्की पक्ष्याएवढा होता. पुढे हे वाचून मला वाईट वाटले नाही. उलट, खेळण्यात काय चुकले आहे हे शोधायची सवय मला आधीच लागली होती आणि आता ती चित्रपटालाही लावता येत होती.

आमचे घर रेल्वेमार्गाजवळ होते. चंद्रपूरकडून कोळशाच्या मालगाड्या येत तेव्हा मांडणीवरची भांडी वाजत. चित्रपटात टी-रेक्स दिसण्याआधी पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटतात, तो प्रसंग मी या गाड्यांच्या भरवशावर रोज करत असे. ओट्यावर स्टीलची ताटली पाण्याने भरून ठेवायची, तिच्यापलीकडे टी-रेक्स उभा करायचा, भावाला गप्प बसवायचे आणि गाडीची वाट पाहायची. पाणी शहारले की मी ओरडत असे. चित्रीकरणात ती वर्तुळे गिटारच्या तारेने उमटवली होती, असे पुढे वाचले. चित्रपटातल्या मोटारीच्या आत तार ताणून ती खालून छेडली जात होती. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा, वाघाचा आणि मगरीचा आवाज मिसळला होता. पावसातल्या त्या प्रसंगात स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेल्या पूर्णाकृती यंत्राची रबरी कातडी पाणी शोषून जड होई आणि ते धूड थरथरू लागे, म्हणून लोक ते टॉवेलने पुसत असत. हे वाचताना मला त्या अनोळखी माणसांबद्दल फार आपुलकी वाटली. पावसात उभे राहून डायनोसॉर पुसणारी माणसे आणि गंजात शेपटी धरणारी मी, आम्ही एकाच कामाला लागलो होतो असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

सातांपैकी माझा सर्वांत लाडका मात्र टी-रेक्स नव्हता. तो होता लांब मानेचा, राखाडी, मान सरळ आकाशाकडे धरलेला शाकाहारी प्राणी. त्याला मी अंगणात चारायला नेत असे. नळाजवळ ओलाव्याने हरळी दाट वाढायची आणि ती त्याच्या गुडघ्यांपर्यंत येई. त्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ आमच्याकडे आला होता. तो नागपूरला बी.एस्सी. करत होता. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि गंभीरपणे म्हणाला, “अगं, डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. गवत नंतर आलं.” तो चुकीचे सांगत नव्हता, तेव्हाच्या पुस्तकांत तसेच लिहिलेले असे. मी त्याच दिवशी सातही प्राणी हरळीतून उचलले. विहिरीच्या आतल्या दगडांत पावसाळ्यात नेचे उगवतात, ते बाबांकडून काढून घेतले आणि मोकळ्या मातीत रोवून त्यांच्यासाठी नवे रान केले. नेचे दोन दिवसांत सुकत, मग नवे मागायचे. गवतात पुन्हा त्यांना कधी ठेवले नाही.

नोव्हेंबर २००५मध्ये मी शिक्षणासाठी पुण्यात होते. वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना एका बातमीत माझ्या तालुक्यातल्या गावाचे नाव दिसले: पिजदुरा. शोधनिबंधांत ते पिसदुरा असेही लिहितात. तिथल्या लाल मातीत डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच या परिसरातून जीवाश्म गोळा केले होते. वंदना प्रसाद, अशोक सहानी हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी ते गोळे तपासले, तेव्हा त्यांत वनस्पतींच्या पेशींमध्ये साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. ताड आणि सूचिपर्णी झाडे यांच्या कणांबरोबर गवताचे कणही होते, आणि तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. ही विष्ठा बहुधा टायटॅनोसॉरांची, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळात, वरोऱ्याजवळ ते गवत खात होते.

मी ती बातमी तीनदा वाचली. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेल्या आयसिसॉरस या डायनोसॉरचे वर्णन १९९७मध्ये प्रसिद्ध झाले होते, हेही मग शोधताना कळले. त्याची मान आखूड आणि पुढचे पाय लांब होते. कुठल्याही दुकानातल्या कुठल्याही पिशवीत त्याचे खेळणे मी आजवर पाहिलेले नाही, आणि याचे मला खरेच दुःख आहे; चंद्रपूरच्या मुलाच्या हातात चंद्रपूरचा डायनोसॉर असायला हवा.

दिवाळी नुकतीच झाली होती, तरी त्या शनिवारी मी पुन्हा घरी गेले. आई दारातच म्हणाली, “काय गं, एकाएकी?” माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सातही जण होते, लग्नपत्रिकेची झालर तेवढी गळून पडली होती. मी गंजात पाणी तापवले, या वेळी आईच्या देखत. राखाडी प्राण्याची मान त्यात धरली, मऊ झाल्यावर हळूहळू खाली वाकवली आणि गार पाण्यात बुडवली. मग त्याला नळाजवळच्या हरळीत नेऊन ठेवले. त्याचे तोंड बरोबर पात्यांच्या टोकाशी आले.